उदास अल्बम कसा ऐकायचा, बोरिवली-चर्चगेट स्लोमध्ये बसून

भाच्याला मोठ्या उत्साहाने अल्बम पाठवला आणि चौथ्या मिनिटाला त्याचा मेसेज आला, "मावशी, गाणं सुरू कधी होतं?" आता त्याचं काही चुकलं नाही, पहिली पाचेक मिनिटं कोणी गातच नाही, पियानो येतो, गिटार येते, ड्रमवाला असा काही सुटतो की वाटतं हा कुठे निघालाय, आणि आपण बसलोय वाट बघत. तीन मिनिटांच्या गाण्यांवर वाढलेल्या पोराला ही मजा म्हणजे थाळी मागवली आणि अर्धा तास नुसती कोशिंबीरच वाढतायत असं वाटणार. म्हणून म्हटलं हे जरा नीट लिहूनच काढते, म्हणजे पुढच्या वेळी कोणाला पाठवलं की सोबत हेही पाठवता येईल.

अल्बम आहे स्टीव्हन विल्सनचा 'हँड. कॅनॉट. इरेज.', २०१५ च्या फेब्रुवारीत आलेला. विल्सन म्हणजे पॉर्क्युपाइन ट्री या बँडवाला, तेच जे २००९ च्या डिसेंबरात पवईला आयआयटीच्या मूड इंडिगो फेस्टिव्हलमध्ये येऊन वाजवून गेले आणि ज्याबद्दल माझ्या वयाचे काही लोक अजून असं बोलतात जणू काल रात्रीच पवईहून परत आलेत. मी गेले नव्हते, ते दुःख वेगळं. तो वाजवतो ते प्रोग्रेसिव्ह रॉक, आता ते म्हणजे काय हे विचारू नका, चार लोकांना विचाराल तर पाच उत्तरं येतील, कामापुरतं एवढंच की गाणी लांब असतात, ताल मध्येच बदलतो, आणि बऱ्याचदा अख्खा अल्बम मिळून एक गोष्ट असते, म्हणजे मधलंच एक गाणं उचलून ऐकणं म्हणजे नाटकाला तिसऱ्या अंकात जाऊन बसण्यासारखं.

गोष्ट आधी माहीत असावी की नसावी यावर लोक भांडतात. माझं मत, असावी. सस्पेन्स नाहीच आहे त्यात काही.

तर लंडनमध्ये जॉइस व्हिन्सेंट नावाची एक बाई होती. २००३ च्या डिसेंबरात ती तिच्या छोट्याशा फ्लॅटमध्ये वारली आणि सापडली कधी, तर २००६ च्या जानेवारीत. दोन वर्षांहून जास्त. टीव्ही चालूच होता. बाजूला ख्रिसमसची गिफ्टं पॅक करून ठेवलेली. फ्लॅट एका शॉपिंग सेंटरच्या वर, म्हणजे रोज खालून हजारो माणसं पिशव्या घेऊन जात होती. भाडं थकलं म्हणून शेवटी दार तोडलं, तेव्हा कळलं. आपल्या डोळ्यांसमोर लगेच एखादी एकटी म्हातारी येते ना, तसं नव्हतं, ती अडतीस वर्षांची होती, दिसायला छान, बहिणी होत्या, मित्रमैत्रिणी होत्या. तिच्यावरची डॉक्युमेंट्री बघून विल्सनला हा अल्बम सुचला. अल्बममधली बाई जॉइस नाही, तिची गोष्ट त्याने स्वतः रचलीय, पण बीज तिथलं.

हे वाचून तुमच्या मनात जे आलं तेच माझ्याही आलं होतं, की छे, मुंबईत असं होणं शक्यच नाही. दूधवाला आहे, कचरेवाली आहे, वॉचमन आहे, समोरच्या काकू तर आपण किती वाजता घरी आलो हे आपल्यापेक्षा नीट सांगतील. दोन दिवस दुधाची पिशवी दाराला लटकली तरी तिसऱ्या दिवशी कोणीतरी बेल मारणार. मग २०१७ चा ऑगस्ट आठवला. ओशिवऱ्याच्या एका टॉवरमध्ये अमेरिकेतला मुलगा आईला भेटायला आला, दार उघडेना, उघडलं तेव्हा आत फक्त सांगाडा होता. आईशी शेवटचं बोलणं वर्षाहून आधी झालेलं. ती बातमी मी ऑफिसला जाताना ट्रेनमध्ये वाचली होती आणि मान वर करून बघितलं तर डब्यात दोनशे बायका, त्यातल्या निदान वीस चेहऱ्याने ओळखीच्या, आणि नाव एकीचंही माहीत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की हा अल्बम अंधाऱ्या खोलीत डोळे मिटून ऐकायचा नाहीच. सगळे तोच सल्ला देतात, खोलीत अंधार करा, मेणबत्ती लावा, आणि मला हसू येतं, वन बीएचकेत चार माणसं राहतात, कुकरच्या शिट्ट्या चालू, शेजारी सिरीयल, कुठली खोली आणि कुठला अंधार. एकटेपणाची गोष्ट आहे म्हणून एकटं बसून ऐकायची असं काही नाही, उलट ती बाई कायम माणसांतच होती, तोच तर सगळा मुद्दा आहे. गर्दीत ऐका. आणि गंमत बघा, अल्बम साधारण पासष्ट-सहासष्ट मिनिटांचा, आणि बोरिवलीहून चर्चगेटची स्लो लोकल पण तेवढाच वेळ घेते, रेल्वेची कृपा असेल तर.

पण थेट ट्रेनमध्ये नको. पहिल्यांदा घरीच, एकदा, कसाही. रविवारी दुपारी सगळे जेवून आडवे झाले की पंखा थोडा कमी करून, चटईवर पडून. कारण यात बारीक आवाजाचे तुकडे खूप आहेत, पहिल्या 'फर्स्ट रिग्रेट'चा पियानो इतका हळू येतो की ट्रेनच्या खडखडाटात तो गेलाच म्हणून समजा. एकदा कानाला तो माहीत झाला की मग गोंगाटातही कान त्याला शोधून काढतो, जशी फलाटावर हजार माणसांत आपल्या माणसाची हाक बरोब्बर ऐकू येते. पहिल्या वेळी शब्द वाचत बसू नका. झोप लागली तरी चालेल, मला लागली होती, 'होम इन्व्हेजन'च्या गिटारने दचकून उठले.

सेटिंगचं मात्र ऐका माझं. शफल बंद. क्रॉसफेड शून्यावर, नाहीतर एक गाणं दुसऱ्यात कालवलं जातं. अल्बम आधी डाउनलोड करून ठेवा, प्रवासात नेटवर्क मध्येच जातं आणि गोल गोल फिरणारं चक्र बघत बसावं लागतं. आणि ऑटोप्ले, ते न विसरता बंद करा. एकदा शेवटचा कोरस संपत होता, डोळे भरलेले, गळा दाटलेला, आणि ॲपला काय वाटलं कोण जाणे, त्याने थेट हळदीतलं डीजेचं गाणं लावलं. फुल व्हॉल्यूमवर. त्या दिवसाचा सगळा विचका झाला तो झालाच. फ्री व्हर्जनमध्ये जाहिराती येत असतील तर राहू दे, कोणाकडून तरी सीडी मिळवा, काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे गाण्यांचं दुकान २०१६ मध्येच बंद झालं नाहीतर तिकडेच पाठवलं असतं.

इयरफोन वायरवाले असले तरी उत्तम, महागाचे लागत नाहीत. फक्त दारात उभं राहून कानात घालू नका आणि रूळ ओलांडताना तर अजिबात नाही, हे सांगायची गरज पडू नये पण पडते.

आता ताल. भाचा तबला शिकलाय तरी म्हणतो मावशी हे मोजता येत नाही. येतं. आपल्याला चार-चारचीच सवय आहे असं आपण समजतो पण ते खरं नाही, रूपक सातचा, तीन-दोन-दोन, झपताल दहाचा, लहानपणापासून भजनात न् नाट्यगीतात ते कानावर पडलंय. प्रोगवाले पाच, सात, नऊ असलं वाजवतात तेव्हा घाबरायचं नाही, मांडीवर बोटं आपटून बघायचं, सम कुठे येते ते शोधायचं, सापडली तर आनंद, नाही सापडली तर सोडून द्यायचं. फरक एवढाच की आपल्याकडे एकदा रूपक धरला की गाणं संपेपर्यंत तो धरून ठेवतात, हे लोक मध्येच गाडी दुसऱ्या रुळावर घेतात आणि तो सांधा बदलतानाचा जो झटका बसतो ना, त्याची सवय लागते. मार्को मिनेमन नावाचा ड्रमर आहे यात, त्याला ऐकताना मला तर हसूच येतं, कौतुकाने.

चला, गाडीत बसू. सकाळची आठ-सव्वाआठची नको, तेव्हा श्वास घ्यायलाही जागा नसते. अकराच्या पुढची बोरिवलीहून सुटणारी स्लो पकडा, म्हणजे बसायला मिळतं. खिडकी पश्चिमेची, चर्चगेटकडे जाताना उजव्या हाताची, कारण शेवटी कळेल. रविवारी मेगाब्लॉक बघून जा. गाडी हलली की प्ले.

कांदिवली-मालाडपर्यंत 'थ्री इयर्स ओल्डर', हेच ते भाच्याचं गाणं-कधी-सुरू-होतं. दहा मिनिटांचं आहे. इथे काही करायचं नाही, खिडकीबाहेर बघायचं, झोपडपट्ट्यांच्या मागे टॉवर, टॉवरच्या मागे अजून टॉवर. गोरेगावच्या आसपास अल्बमच्याच नावाचं गाणं लागतं, आणि ते चक्क आनंदी आहे, उड्या मारावं असं, नवखा माणूस इथे गोंधळतो की उदास म्हणाले होते ना. थांबा जरा. लगेच 'परफेक्ट लाइफ' येतं आणि त्यात एक बाई गात नाही, नुसती बोलते, शांतपणे, की मी तेरा वर्षांची असताना मला सहा महिन्यांसाठी एक बहीण मिळाली होती. सहा महिन्यांसाठी. कुठून तरी आलेली पोरगी, या घरात राहिली, जीव लागला, आणि मग तिला दुसरीकडे नेलं. मागे यांत्रिक ठोके चालू, आणि मग विल्सन एकच ओळ परत परत म्हणत राहतो, की आपलं आयुष्य कसं अगदी छान आहे, इतक्या वेळा म्हणतो की त्या छानची भीती वाटायला लागते.

तेवढ्यात अंधेरी. अंधेरीला डब्यात जे शिरतं ते माणसं नसतात, लाट असते. आणि इथेच 'रूटीन' सुरू होतं. नऊ मिनिटं. हे गाणं मी तुम्हाला ट्रेनमध्येच ऐकायला का लावतेय ते इथे कळेल. एका बाईचं घर रिकामं झालंय, नवरा-मुलं कोणी राहिलेलं नाही, आणि ती रोजचं सगळं करतेच आहे, घासतेय, इस्त्री करतेय, सगळ्यांचा स्वयंपाक करतेय, कारण हात थांबले तर काय होईल हे तिला माहीत आहे. बरं, गाणारी आहे निनेत तायेब, इस्रायलची गायिका, आणि मध्ये एका लहान मुलाचा कोवळा आवाज येतो तो अंगावर काटा आणतो. सातव्या मिनिटाच्या पुढे वगैरे ती एक हंबरडा फोडते. त्याला गाणं म्हणता येणार नाही, सूर आहे त्यात, पण तो हंबरडाच आहे. एकदा माझ्या कानात तो हंबरडा चालू असताना समोरच्या सीटवरच्या मावशी मांडीवर पेपर पसरून मेथी निवडत होत्या, एकेक पान खुडून पिशवीत, काड्या पेपरवर, हात बघावे तर मशीनसारखे, नजर मात्र खिडकीबाहेर कुठेतरी. मला एकदम वाटलं ह्यांना विचारावं, घरी कोण कोण असतं तुमच्या? विचारलं नाही अर्थात. त्यांनीच माझ्या गुडघ्याला हात लावून विचारलं, "कुठे उतरणार?" मी म्हटलं शेवटपर्यंत. त्या नाराज झाल्या, त्यांच्या मागे उभी असलेली मैत्रीण माझ्या सीटसाठी ताटकळली होती.

खरं तर 'रूटीन' महालक्ष्मीला यायला हवं होतं, तिथे धोबीघाट दिसतो, ओळीने वाळत घातलेले कपडे, काय जमलं असतं. पण विल्सनने काही पश्चिम रेल्वेचं टाइमटेबल समोर ठेवून अल्बम केलेला नाही.

वांद्र्याच्या आसपास 'होम इन्व्हेजन'. जड, चिडलेलं, सगळं काही घरबसल्या डाउनलोड होतं त्या जगाबद्दल, हे ऐकताना डब्यातल्या खाली घातलेल्या माना बघा, तुमचीही त्यातलीच. त्याला जोडूनच 'रिग्रेट नंबर नाइन', शब्दच नाहीत, आधी ॲडम होल्झमनचा मूग कंपनीचा सिंथेसायझर, हा माणूस माइल्स डेव्हिसच्या बँडमध्ये वाजवलेला, आणि मग गथ्री गोवनची गिटार. ज्यांना शब्द कळत नाहीत, इंग्रजी गाणं म्हटलं की दडपण येतं, त्यांनी तर इथूनच सुरुवात केली तरी चालेल, कारण वाद्यांना भाषांतर लागत नाही, ख्यालात तरी आपण शब्द कुठे धरून बसतो. माहीम ते दादर हे पाच मिनिटांत होतं आणि दादर आलेलं कळत नाही, दादर आलेलं न कळणं म्हणजे काय ते मुंबईकराला सांगायला नको.

मग छोटं 'ट्रान्झियन्स', आणि मग 'अँसेस्ट्रल', साडेतेरा मिनिटं, प्रभादेवी ते जवळपास मुंबई सेंट्रल. स्पष्टच सांगते, मला हे सगळ्यात उशिरा आवडलं. सुरुवात हळू, बासरी आहे, व्हायोलिनं आहेत, आणि मग शेवटची काही मिनिटं हे लोक तुम्हाला अक्षरशः बडवतात. पहिल्या दोनतीन वेळा मी इथे कानातलं काढून चहावाल्याचं तोंड बघत बसले होते. मग एकदा पावसात गाडी लोअर परळला अडकली, बाहेर जुन्या गिरणीची चिमणी आणि तिच्यामागे काचेचा टॉवर, आणि आत हे चालू, तेव्हा बसलं. काही गाण्यांना गाडी अडकावी लागते.

आता इथे मधेच एक गोष्ट, कारण लोक विचारतात, एवढं रडकं ऐकून काय मिळतं. आमची आई आणि तिच्या मैत्रिणी थेटरात रुमाल भिजवून यायच्या आणि बाहेर आल्यावर म्हणायच्या, "काय छान होता गं पिक्चर!" आणि मग मिसळ खायच्या. त्यांना कोणी विचारलं नाही काय मिळालं. आपलं स्वतःचं दुःख असतं ना, त्याला आकार नसतो, ते नुसतं कातरवेळेला येऊन दारात उभं राहतं, हुरहुर म्हणून, नाव विचारलं तर सांगत नाही. असला अल्बम त्याला तासाभरासाठी एक सुरुवात आणि शेवट देतो. आणि दुःख दुसऱ्याचं असल्यामुळे त्याच्याकडे नीट बघता येतं, स्वतःच्या दुःखाकडे एवढं टक लावून नाही बघता येत. पण हे तुम्ही बरे असताना. खरंच मन फार खाली गेलेलं असेल त्या आठवड्यात हा अल्बम नको, त्या आठवड्यात बहिणीला फोन लावा, मैत्रिणीकडे जाऊन बसा, अल्बम कुठे पळून जात नाही. आणि रोज तर नकोच, आंबा रोज बारा महिने मिळाला असता तर कोणी विचारलं नसतं.

मुंबई सेंट्रल गेलं की डबा रिकामा व्हायला लागतो, पंख्याची हवा लागते. ग्रँट रोडला 'हॅपी रिटर्न्स' चालू असेल. सहा मिनिटांचं, साधं, गिटार-पियानो, कोणीही गुणगुणेल अशी चाल. इथे, फक्त इथे, शब्द उघडून ठेवा मोबाइलवर. अल्बममधली ती बाई भावाला पत्र लिहितेय. बऱ्याच वर्षांनी. मुलांना मी आठवते का विचारते, वर्षं कशी गेली कळलं नाही म्हणते, भाच्यांसाठी गिफ्ट घेतलीयत म्हणते, तीच ती गिफ्टं, आठवलं ना. आणि मग म्हणते मला आता झोप येतेय, उरलेलं उद्या लिहीन.

बस. तिच्याबद्दल पुढे काही नाही, शब्द नाही, रडारड नाही. नुसतं ला ला करत चाल पुढे जात राहते, आणि उजवीकडे चर्नी रोड सोडल्यावर जिमखान्यांच्या मधून समुद्र दिसायला लागतो, तुकड्या-तुकड्याने. त्यासाठी ती खिडकी.

मी पहिल्यांदा असं ऐकलं त्या दिवशी मरीन लाइन्सला उतरून भावाला फोन केला होता, तो म्हणाला काय झालं, पैसे हवेत का. असो. तुम्ही उतरू नका मध्ये, कारण अजून एक तुकडा बाकी आहे, 'असेंडंट हिअर ऑन', दोन मिनिटंही नाही, पियानो आणि मुलांचा कोरस. गाडी चर्चगेटच्या फलाटात हळूहळू शिरते, धक्का देऊन थांबते, आणि कोरस चालूच असतो. उठायचं नाही. बायका बाहेरून चढायला लागतात, परतीच्या गाडीची सीट पकडायला, एकीने पर्स टाकलेली असते, दुसरीने रुमाल, आणि कोणीतरी तुमच्या खांद्याला हात लावून विचारतेच, "उतरणार ना?" तेव्हा कानातलं काढून तिच्याकडे नीट बघायचं, आणि सांगायचं, हो, एक मिनिट फक्त.